मधली रेघ

तुर्भ्याला मसाला मार्केटच्या मागच्या गेटाशी
माझं टेबल. टेबलावर डबा, डब्यात सुटे,
आणि लांब वही, दोन रकान्यांची.
बाया डावीकडं, बाप्ये उजवीकडं.
एक माणूस, एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.
महिनाअखेर टेकाळे सुपरवायझर येतो,
रेघा मोजतो, पैसे मोजतो,
जुळलं नाही तर माझ्या पगाराशी जुळवतो.

अबोली पहिल्यांदा आली तेव्हा मी आधी शिंकले.
मिरचीचे देठ खुडायला बसते ती.
नखांपर्यंत लाल. ओढणीतनं, केसांतनं खकाणा.
पाच रुपये ठेवले अन् म्हणाली,
"मावशी, साबण आहे का? मला आधी हात धुवावे लागतात."
बाकी दुनिया नंतर धुते, धुतले तर.
मिरचीवाल्यांचं उलटं.
त्या हातानं नाडी सोडली
की अख्खा दिवस बोंबलत.

साबण दिला.
पेन मात्र वहीवर तसाच धरून ठेवला.

बायांच्या रांगेत सहाजणी. त्याही आधी शिंकल्या.
मग वर बघितलं. उंची, खांदे, गळ्याची घाटी.
मग ओरडल्या.
शिंकेपर्यंत ती त्यांच्यातलीच होती.

ती उजवीकडं वळली.
तिकडं कुणी ओरडलं नाही. हसले.
एकानं बाहेरून कडी घातली.
सतरा वर्षांत पहिल्यांदा मी
त्या बाजूला माणसं असताना आत गेले,
हातात फिनेलची बाटली.
काय बोलले ते सांगण्यासारखं नाही.
कडी काढली. ती उभीच होती आत,
धुतलेले ओले हात पुढं धरून,
कशालाच न लावता.

मग तिनं पाणीच सोडलं.
सकाळी सहाला बसायची, दुपारी तीनपर्यंत कोरडी,
मिरचीच्या ढिगात.
मे महिन्यात वाशीच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन.
डॉक्टरीण म्हणाली, भरपूर पाणी प्या.
"पिईन की," अबोली म्हणाली,
"प्यायला कुठं अडतंय?"

मंठ्याला आमच्या आईनं जन्मभर
पोट दाबून अंधाराची वाट बघितली.
तू कोण, असं तिला कुणी विचारलं नाही.
उजेडात दिसू नको, एवढंच.

बायांच्या बाजूला शेवटची खोली अपंगांसाठी बांधलेली.
तिच्यात ब्लीचिंगच्या गोण्या, झाडू, मोडका पंखा.
चावी माझ्या कमरेला.
एका रविवारी सगळं बाहेर काढलं.
बरोबर केलं का, अजून नीट कळलेलं नाही.
बाई धडधाकट आहे, तिला अपंगांची खोली कशाला?
ती म्हणाली, "कडी आतून लागते ना? मग झालं."
त्या सहांतली लसूणवाली गयाबाई
आता कधीकधी तिच्यासाठी साबण राखून ठेवते.
बाकीच्या पाचजणी नाही.

रेघ मी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर मारायचे.
मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.
टेकाळेनं बोट ठेवलं, "हे काय?"
पेन घसरला.
"रोज घसरतो?"
रोज. दुपारी सव्वाएकला.
पैसे भरत होते, म्हणून तो गप्प बसला.

परवा अबोलीनं वही स्वतःकडं फिरवली.
बघत राहिली बराच वेळ.
मला वाटलं, खूश होईल.
"मावशी," डाव्या रकान्यावर बोट टेकवत म्हणाली,
"मला बायांच्यात घाल ना."

हात अजून धुतले नव्हते तिनं.

संध्याकाळी गिऱ्हाईक थांबल्यावर खाडाखोड करत बसले,
एकेक रेघ उचलून डावीकडं.
टेकाळे विचारील. सांगीन काहीतरी.
वही उघडल्यावर आधी शिंकेल तो.