वाऱ्याची नोंद

पुंता अरेनासला वारा सामुद्रधुनीवरून येतो
आणि माणसं उचलतो.
नोव्हेंबरात चौकात दोर बांधतात,
म्हाताऱ्या त्याला धरून बँकेत जातात.

म्हणून आमारो ओयार्सोच्या गालावरचं निळं
शाळेनं वाऱ्याच्या नावे लिहिलं,
दवाखान्यानंही.
मीसुद्धा. "पडला. वारा."
माझंच अक्षर, जरा घाईतलं.

सहा वर्षांचा. मंगळवारी चारला येतो,
बूट दाराशी जोडीनं लावतो, फरशीच्या रेघेवर,
कुणी न सांगता.
(हे तेव्हाच खुपायला हवं होतं.)
मला मावशी म्हणतो. इथली सगळीच मुलं म्हणतात.

वाळूची पेटी, अकरा मेंढ्या, एका कानाचा कुत्रा,
पुढची भिंत नसलेलं लाकडी घर.
माझं काम न विचारण्याचं.
"ही मेंढी कोण?" म्हटलं
की मेंढी माझी होते, त्याची राहत नाही.
चार मंगळवार त्यानं मेंढ्या नुसत्या मोजल्या.
मीही मोजल्या.

पाचव्या मंगळवारी लोकर मागितली. लाल.
टेबलाच्या पायाला गाठ,
तिथून पलंगाला, पलंगावरून न्हाणीच्या नळाला,
नळावरून कपाटाच्या मुठीला.
सगळ्यात लहान बाहुलीचे दोन्ही हात
त्यानं लोकरीवर ठेवले,
पडले, पुन्हा ठेवले.
कुत्र्याच्या तोंडात माती भरली, दाबून.

दिसलं तेवढंच बोलले:
"दोर बांधलास. घरात."
"हो," तो म्हणाला, वर न बघता,
"इथे वारा सुटतो."

पत्रा वाजत होता. की माझे कान.
"केव्हा" हा शब्द जिभेवर आला,
मी तो गिळला, कडू गोळीसारखा, पाण्याशिवाय.
थोड्या वेळानं त्याचं तोच:
"ट्रक थांबला की."

इतक्या मोठ्या माणसांनी मिळून
या पोराला वाऱ्यावर सोडलं होतं,
रीतसर, सही-शिक्क्यासकट.

मागचं पान खोडलं नाही. खोडायचं नसतं.
खाली तारीख घालून लिहिलं
त्याचे शब्द, त्याच क्रमानं,
माझा एकही न मिसळता.

"आज घर आवरायचं?" त्यानं विचारलं.
"नाही. असंच राहील.
आणि आज आपण जरा उशिरापर्यंत थांबणार आहोत."
तो विचारात पडला. बुटांकडे पाहिलं.
मग लोकरीचं टोक घराबाहेर काढलं,
वाळूवरून, पेटीच्या काठावरून,
माझ्या खुर्चीच्या पायाला आणून बांधलं.
गाठ सैलच.

फोन पलीकडच्या टेबलावर, चार पावलांवर.
मी उठले नाही.
बसल्या बसल्या खुर्ची सरकवत नेली, करकरत,
आणि आमारो मागून
गुंडा सोडत राहिला.