लेखाशीर्ष सापडत नाही

मार्चअखेर. संध्याकाळचे सात.
आरोग्य केंद्रात मी, लिपिक,
आणि लसींच्या शीतपेटीची घरघर.
तिच्या झाकणावर तापमानाचा कागद,
दोन वेळा भरायचा; लाईट गेली तर तीही वेळेसकट.

समोर तालुक्याचं पत्र:
दिनांक एकोणीस नोव्हेंबर, इंधन, रुपये चारशे ऐंशी.
वाहन क्रमांक नमूद नाही. खुलासा सादर करावा.

खुलासा असा, की
वाहन नव्हतं. होडी होती.

सुगंधा धोपट, वय एक्केचाळीस, पलतीरावरच्या सड्यावर
गवत कापत असता घोट्याला फुरसं.
एकशेआठला फोन लागला, गाडी निघालीसुद्धा,
पण वळसा एकोणचाळीस किलोमीटरचा
आणि पूल अजून फायलीत.
म्हणून अब्बास होडेकरनं भरलेली जाळी तशीच काठावर टाकली
आणि तिला होडीत घेतलं.
ओहोटी लागली होती.
या बाजूला चौघांनी गुडघाभर चिखलातून उचलून आणली.

काचेच्या नळीत तिचं रक्त घेतलं.
वीस मिनिटं. गोठेना.
आमच्याकडे कुप्या अकरा.
डॉक्टरबाईंनी दहा लावल्या
आणि उरलेली एक आम्ही रात्रभर
आळीपाळीनं कपाट उघडून बघत राहिलो.
पहाटे नळी आडवी केली. रक्त हललं नाही.
गोठलेल्या रक्ताला बघून
माणसं हसताना मी पहिल्यांदा पाहिली.

"किती झाले?" शुद्धीवर येताच तिनं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
तिला ते पटेना. फुकटचं औषध लागत नाही,
असं तिच्या सासूचं ठाम मत.

फुकट कुठलं, सुगंधाबाई.
साबणाच्या वडीत दिलेत तुम्ही,
फोनच्या रीचार्जमध्ये दिलेत,
मुलाच्या चपलांत, लग्नातल्या भाड्याच्या मांडवात.
ते सगळं वर जातं, दिल्लीला, मुंबईला,
आणि मग पाटाच्या पाण्यासारखं खाली येतं.
वरच्या आगरातली आळी भरेस्तोवर
खालच्यानं वाट बघायची.
वाटेत कुर्ल्यांची बिळं असतात, ती का असतात विचारायचं नाही.
आपल्या पोफळीचं आळं शेवटचं.
फेब्रुवारीत तळ दिसतो
आणि अठ्ठावीस मार्चला पूर येतो, सोबत चिठ्ठी:
तीन दिवसांत जिरवा, नाहीतर परत पाठवा.

हे तिला सांगितलं नाही. तेव्हा सलाईन चालू होतं.

अब्बास पंधरा दिवस पैशाला शिवेना.
मग एकदा डिझेलची पावती ठेवून गेला.
त्या रात्रीचं म्हावरं कुजलं, ते त्यानं मांडलं नाही.
आशाताईंनीही मांडलं नाही.
त्यांना कामागणिक मिळतं: बाळंतपणाचे इतके,
लसीचे इतके, क्षयाची गोळी गिळताना बघण्याचे इतके.
होडीत कुणाचं डोकं मांडीवर घेऊन
"झोपू नको गं, झोपू नको" म्हणत बसण्याला
फॉर्मात रकाना नाही.
मीही शोधला. शेवटच्या पानापर्यंत शोधला.

तर लिहितो.
वाहनाचा प्रकार: होडी, यांत्रिक.
क्रमांक: नाळेवरचा रंग उडाल्याने शेवटचे दोन अंक वाचता येत नाहीत.
अंतर: भरतीला कमी, ओहोटीला जास्त.
हे खोडतो. सव्वा किलोमीटर.
आवश्यकता होती का: होती.

त्याखाली, कुणी विचारलं नसताना,
सर्पदंशाच्या कुप्या. मागणी वीस, प्राप्त चार.

मान्य झालं नाही तर वसुली माझ्या पगारातून.
होऊ दे. तोही त्याच पाटाचा,
अकरा तारखेपर्यंत अजून वरच्या आगरात असतो.

घरघर थांबली.
सात चाळीस.
टॉर्च तोंडात धरून झाकणावरच्या कागदावर वेळ लिहितो.