बेदाणा होण्याआधी

तेलसंगच्या अलीकडं, माळावर, आमचं रॅक.
जाळीचे सात मजले, दोन्ही अंगांनी उघडे.
वारा भरला की हिरव्या शेडनेटला पोट सुटतं.
फेब्रुवारीत हितं वारा हाच खरा गडी,
रोजगार मागत नाही,
रात्रपाळीला कुरकुरत नाही.

दोघं आले ते दुपारी.
ओर्नेला, आणि तिचे वडील, उंच, कमरेत वाकलेले.
आम्ही नको नको म्हणत असताना
त्यांनी बूट काढून दाराशी ठेवले,
जसं काही आत देव वाळत घातलेत.
दुभाषी मुरगेश. तिचं इंग्रजी ऐकायचा,
मनात त्याचं कन्नड करायचा,
मग आम्हाला मराठीत वाढायचा.
तीन चाळण्यांतून जेवढं खाली आलं
तेवढं आमचं.

"आमच्याकडंही असंच," ती म्हणाली,
"माळ्यावर बांबूच्या चटया, चटयांवर घड.
खिडक्या उघड्या. धुकं आलं की धावत जाऊन बंद.
भाऊ बागेत, आई हिशेबाला, बाबा पिंपांपाशी.
आमच्या काळ्या द्राक्षाचं नाव कावळ्यावरून पडलंय म्हणतात.
शंभर दिवस वाळवतो,
पण पुरतं वाळू देत नाही."

आप्पा माझ्याकडं बघून हसले.
पंधरा दिवसांचं काम शंभर दिवस,
आणि वर तेही अर्धवट.

म्हाताऱ्यानं चौथ्या मजल्यावरचा एक मणी उचलला.
आठव्या दिवसाचा, शरद जातीचा.
द्राक्ष म्हणावं तर कातडी सैल पडलेली,
बेदाणा म्हणावं तर आत अजून पाणी.
त्या मण्याला आमच्यात नाव नाही.
तासगावच्या सौद्यात तो नाही, प्रतवारीत नाही.
एसटीतून दिसलेलं मधलं गाव,
तिथं कोण उतरतं.

त्यानं तो दाढेखाली फोडला. डोळे मिटले.
एवढा वेळ गप्प होता, एकच काहीतरी बोलला.
ओर्नेलानं सांगितलं:
"हा असा असतानाच पिळायचा."

मग गोष्ट निघाली.
त्यांच्या डोंगराकडची जुनी लाल वाइन गोड असायची,
पाहुण्यांना, सणाला, बाळंतिणीला.
एकदा कुणीतरी एक पिंप विसरलं.
आतल्या आत साखर सगळी संपून गेली.
उघडलं तर कडू.
ओतून द्यायला निघालेला माणूस
एक घोट घेऊन उंबऱ्यातच थांबला.
तेव्हापासून तिचं नावच कडू. थोरली कडू.

इथं मुरगेश अडखळला,
"कही," म्हणाला, कन्नडातच राहिला.
आप्पांना ऐकू आलं "काही".
"काही म्हणजे काय?"
"कडू हो, काका."
"मग काहीच बरं होतं की."

पुढच्या वर्षी कुरिअरनं एक बाटली आली.
गवतात गुंडाळलेली, लेबलावर त्यांच्या घराचं चित्र,
माळ्याच्या खिडक्या उघड्या.
आमच्यात चालत नाही.
आप्पांनी ती छाटणीच्या कात्र्यांमागं ठेवली
आणि दर शनिवारी पुसू लागले.
उघडली नाही. कुणाला दिलीही नाही.

मी मात्र गुपचूप एक पातेलं केलं.
आठव्या दिवसाचे मणी, पायांनी नको म्हणून हातांनी कुस्करले,
वर धोतराचं फडकं, फडक्याला सुतळी.
पाच-सहा दिवस पातेलं आपल्याशीच कुजबुजत होतं.
रात्री कान लावून बसायचो,
एक्साइजवाल्यांच्या भीतीनं उठायचो,
पुन्हा बसायचो.
चाळिसाव्या दिवशी सोडलं तर शिरका.
कस्तुरानं त्यात हिरव्या मिरच्या घातल्या,
महिन्यात बरणी रिकामी,
शेजारणी अजून विचारतात, काय घातलं होतंस.

यंदा पुन्हा आठवा दिवस.
आभाळ स्वच्छ, वारा कामावर.
संध्याकाळी आप्पा शिडीपाशी आले,
म्हणाले, चौथा मजला झाडू नकोस एवढ्यात.
का, म्हटलं.
जाळीत हात घालून एक मणी चाचपत
म्हणाले, "काही."

कानडीत की मराठीत,
ते मी विचारलं नाही.