खांबात जमा

ओउलूच्या बाजारचौकात उणे सतरा.
इन्केरीने भिंतीवर उजेडाचे मासे सोडलेत:
हात हलवला की येतात,
पळालं की मागे पळतात.
पोरं तर वेडीच झालीत.

मी केबलवरचा बर्फ खरवडत होतो, तेव्हा दिसला ताउनो,
तीस वर्षं इथेच मासळी विकून आता रिकामा,
खिशात हात, भिंतीसमोर उभा.
नुसता उभा.
मासे आले, हुंगलं-बिंगलं,
आणि चाळीस सेकंदांनी कॅमेऱ्याने त्याला
खांबात, बाकड्यात, कचराकुंडीत जमा केलं.

"जरा हलायला सांगू का त्याला?"
"कशाला? हलत नाही ती पार्श्वभूमी,
हे मीच लिहून ठेवलंय."

व्हॅनमध्ये बसून, हातमोजा दातात धरून
तिने एक ओळ खोडली.

आता दिव्याचा खांबही माणसांत धरला जातो,
कचराकुंडीभोवतीसुद्धा दोन मासे घुटमळतात.
नगरपालिकेचा माणूस विचारून गेला,
बिघडलंय का हे?
हो, म्हणाली इन्केरी, थोडंसं.

ताउनो अजून तिथेच.
भिंतीवर, त्याच्या खांद्याशी एक मासा,
कल्ले तेवढे हलताहेत.