मार्चअखेर

एकोणीस वर्षं मी रंगपंचमी
खजुरी बाजारातल्या तिसऱ्या मजल्यावरून नुसती ऐकली.
शहराला सुट्टी, आमचं शटर अर्धं खाली.
राजवाड्याकडे गेर निघायची
आणि आम्ही खिडक्या लावून
कुणाच्या तरी साड्यांच्या दुकानाचा
ताळेबंद जुळवत बसायचो.
मार्चअखेर कुणासाठी थांबत नाही, पोरवाल सर म्हणायचे.
व्हाउचरवर गुलाल उडू नये म्हणून
पंखासुद्धा बंद.

एकदा, बाराव्या वर्षी असेल,
फटीतून एक जांभळा थेंब आत आला
आणि घसाऱ्याच्या रकान्यात बसला.
हे काय? सरांनी विचारलं.
शाई, म्हटलं.

नोकरी सोडली तेव्हा आई म्हणाली,
"चूल सुटावी म्हणून शिकवलं होतं तुला."
ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजून नाही.
फक्त रामबागेतून पहाटे पाचला निघायचे
मदनलाल महाराजांच्या भटारखान्यात,
जिथे पहिले दोन महिने कांदा, नुसता कांदा,
त्रेचाळिसाव्या वर्षी, सतरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून.
ती मला आधी मॅडम म्हणायची, मग दीदी,
आणि बोट कापलं त्या दिवसापासून
"ए वैजू, तवा!"
इतकी मोठी बढती मला आयुष्यात मिळाली नव्हती.

महाराज मोजून काही सांगत नाहीत.
मीठ किती? "लगे उतना."
कुठवर परतू? "खुशबू बदले तब तक."
पहिल्या दिवशी मी वही काढली होती.
त्यांनी ती घेतली, चाळली,
फळीवर ठेवली आणि तिच्यावर हिंगाचा डबा.
अजून तिथेच आहे.

आज पंचमी.
महाराजांचा गुडघा सुजलाय, म्हणून ऑर्डर माझी.
गेरमधून परतणारी मल्हारगंजची मंडळी,
एकशेवीस पानं.
पुरणपोळी, कटाची आमटी, भुट्ट्याचा कीस,
कैरीची लौंजी, कैऱ्या अजून इतक्या कोवळ्या
की सुरी कोयीतून आरपार.
तीनला डाळ शिजत टाकली.
चारला वाटलं, पळून जावं.
पाचला पुरण कढईपासून सुटू लागलं
आणि पळायचं राहून गेलं.

दुपारी पोरं म्हणाली, चल ना, पाचच मिनिटं.
गेले. अंगात ॲप्रन, हातात झारा तसाच.
गल्लीच्या तोंडाशी माणूसच माणूस,
ढोलाचा ठोका थेट बरगडीत,
आणि मग वरून हिरवं कोसळलं, मागून केशरी,
अख्खा टँकर
माझ्या एकोणीस वर्षांवर एकदमच रिता झाला.
तोंड उघडं राहिलं होतं.
रंगाला चव असते. जराशी गंजाची,
मागाहून गोडसर.
मीठ कमी.

मग पंगत.
कुणाचाच चेहरा कुणाचा नव्हता.
एक टक्कल, अर्धं निळं, अर्धं गुलाबी,
तिसरी पोळी घेताना ओरडलं,
"अरे भिया, घी जरा हाथ खोल के!"
आवाज ओळखीचा. खिडक्या लावायला सांगणारा.
मार्चअखेरीचं काय झालं, विचारणार होते.
नाही विचारलं.
तूप वाढलं, पानावरून ओघळेपर्यंत.
त्यांनी मान वर केली, हसले,
दात तेवढे पांढरे.
ओळखलं की नाही, देव जाणे.

संध्याकाळी पत्रावळी मोजल्या. जुनी खोड.
एकशे एकेचाळीस.
पोळ्या लाटल्या तीनशे साठ,
खाल्ल्या गेल्या, पोरं शपथेवर सांगतात, चारशेच्या वर,
आणि तरी कढईत दोन वाट्या पुरण.
कुठेतरी चूक आहे.
शोधायला बसले नाही.

पुरण डब्यात भरलं, आईसाठी.
झाकणावर अंगठ्याचा हिरवा ठसा उठला, घासून जाईना.
ती म्हणेल, सैल झालंय.
झालंय जरासं.