आठ जणांचं कापड

तिबिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर
रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली एक दुकान.
पाटी नाही. आत दिवा दिसला की उघडं.
मी शिरले ते पाय दुखत होते म्हणून;
खरेदी हे नंतर सुचलेलं कारण.

नानूली चष्मा केसांत खोचून इस्त्री करत होती.
भिंतीभर निळी कापडं, त्यांवर पांढरे मासे,
पांढऱ्या सुऱ्या, समोरासमोर उभी हरणं.
एका कापडावरच्या सगळ्या हरणांना एकेकच कान.
ठसा सासऱ्याचा, ती म्हणाली,
कान त्यानंच पाडला, पिऊन.
नवा ठसा करायला कोणाचं मन झालं नाही.

रंगाचं नाव विचारलं. लिला, म्हणाली.
आमच्याकडे नीळ, मी म्हटलं.
दोघींनी दोन्ही शब्द घोळवून पाहिले,
एकाच घरातल्या, लांब लांब दिलेल्या दोन मुली जशा.
बादलीतले चार थेंब, पांढऱ्या शर्टावर
हमखास राहणारा तो एक डाग
हे सांगायला भाषा नव्हती.
मी माझी कॉलर धरून दाखवली.
ती हसली. डाग तिच्या ओळखीचा निघाला.

मग तिनं बोटं उघडून विचारलं,
घरी टेबलाशी किती जण?

माझं टेबल भिंतीला टेकलेलं.
एका खुर्चीवर घडी न केलेले कपडे.
मी म्हटलं, आठ.
का, ते देव जाणे. परक्या गावात माणूस
वयसुद्धा चार वर्षं कमी सांगतो.

नानूलीनं फळीवरून मोठं कापड ओढलं,
कापायच्या टेबलावर झटकून पसरलं.
बसून बघितल्याशिवाय विकत नाही, म्हणाली,
आणि पायऱ्या चढून गल्लीत हाका घातल्या.

बूट शिवणारा वाझा आला, हातांना खळ तशीच.
घड्याळं दुरुस्त करणारा गारेगिन.
वरच्या मजल्यावरची एलेने, व्हायोलिनच्या पेटीसकट,
मागून तिचा धाकटा भाऊ, तोंडात पेन्सिल.
चुंबक विकत घ्यायला डोकावलेलं एक पोलिश जोडपं
तेही ओढून बसवलं.
ब्रेड, खारं चीज, मूठभर पाला,
प्लास्टिकच्या बाटलीत घरची वाइन.
आठवी मी. कोपर कोणाचं कोणाला लागलं नाही.
बरोब्बर, नानूली म्हणाली. मापाचं आहे.

वाझा पेला घेऊन उठला.
या बाईच्या घरच्या सात जणांसाठी!
एलेनेनं सांगितलं, नावं घे,
नावं घेतल्याशिवाय तो पीत नाही.

शालन, मी म्हटलं. बहीण.
नऊ वर्षं आमचं बोलणं नाही,
आणि पहिलं नाव तेच आलं.
मग शेजारचे दांडेकर, रात्री टीव्ही मोठा लावणारे.
मग नोकरीतली जयमाला, आता कुठे असते कोण जाणे.
मग पोळ्या करायला येणाऱ्या गिरिजाबाई,
ज्या माझ्याकडे कधीच बसून जेवल्या नाहीत.
प्रत्येक नाव वाझानं मोडून-तोडून मोठ्यानं म्हटलं.
पाचव्याला मी अडकले.
पेला हवेत, सगळे थांबलेले.

गारेगिन वाटीतल्या अक्रोडांकडे बघत म्हणाला,
मला धर.
मला पण, एलेनेचा भाऊ.
पोलिश बाईनं मुकाट्यानं हात वर केला.

वाझा पिऊन बसला, तो पेल्यावरच.
लाल ओघळ हरणाच्या पोटापर्यंत गेला,
नानूलीनं त्यावर मीठ ओतलं, हळहळ काडीची नाही.
मग चष्मा उतरवून हिशोब केला:
आता हे वापरलेलं झालं,
वीस लारी कमी.

घासाघीस मी केलीच नव्हती.
पैसे मोजताना तिनं कापडाची घडी घातली,
मीठ न झटकता,
आणि कागदात बांधण्याआधी
डाग कुठल्या बाजूला येतो ते बोटानं दाखवून ठेवलं.
इथे, म्हणाली, बहिणीला बसव.