कलम सतरा, पोटकलम तीन

नियमावली पुन्हा टाइप करायला माझ्याकडे आली आहे.
पाच विद्यापीठं, एक अभ्यासक्रम, एकच प्रिंटर,
तोही लुब्लिनमध्ये, माझ्या टेबलापाशी,
दमट कागद दिला की खोकणारा.

कलम चार : विद्यार्थी कुठल्याही एका शाखेचा असण्याची सक्ती नाही.
हे वाक्य मला आवडतं.
पुढची एकवीस पानं
ह्या एका वाक्यावर पांघरूण घालण्यात जातात.

कलम नऊ : प्रत्येकाला एक मार्गदर्शक.
बदलायचा तर वर्षातून एकदाच, लेखी, कारणासह.
कारणाच्या रकान्यात मी काय काय वाचलंय!
"ते फार बोलतात." "त्या फार ऐकतात."
एकाने नुसता पूर्णविराम दिला होता,
शाईचा, नीट गोल.
तोही मंजूर झाला.

दोब्रावा कुलेशा हैनुव्काहून आली
तेव्हा तिच्या आराखड्यात होते
जंगलातल्या मधाच्या वाटणीचे जुने कायदे,
बोलणारं कुणी उरलं नाही अशी एक भाषा,
आणि ऑर्गन. वाजवायला नव्हे, दुरुस्त करायला.
तिन्ही तीन शहरांत.

कलम बारा म्हणतं, प्रवास विद्यार्थ्याच्या जबाबदारीवर.
जबाबदारी म्हणजे पोझनानची रात्रीची गाडी,
काळा पाव, बरणीतली आंबवलेली काकडी,
पहाटे स्टेशनच्या नळाखाली धुतलेले केस.
हे कलमात नाही.
शिक्का मारून घेताना तिने सहज सांगितलं.

तिचे मार्गदर्शक डॉ. ऑल्गेर्द झिम्नीत्स्की.
जानेवारीचा अहवाल त्यांनी हाताने भरला :
भेटी – सहा.
ठिकाण – नदीकाठ.
चर्चेचा विषय – काही नाही.
प्रगती – समाधानकारक.

नियमावर बोट ठेवायचं तर
हा कागद आल्या पावली परत जायला हवा होता.
कलम सतरा, पोटकलम तीन :
चर्चेचा विषय सुस्पष्ट नमूद करावा.
मी फोन लावला.

"तेक्लाबाई," ते म्हणाले, "पहिल्या भेटीत मीच बोललो.
तासाभराने लक्षात आलं,
तिच्या वाक्यांच्या खुर्चीत मी बसलोय.
म्हणून उठलो. चालायला लागलो.
नदी गोठलेली, तीही गप्प.
पाचव्या खेपेला पोरीने तोंड उघडलं.
काय म्हणाली, ते तुमच्या रकान्यात मावायचं नाही.
मधमाश्यांबद्दलच होतं."

मी फोन ठेवला. कागद फाइलला लावला.

माझे वडील ग्रुयेत्सला सफरचंदाची कलमं बांधायचे.
तिरका छेद, छेदाला छेद, वरून पट्टी, मग मेण.
नंतर महिनाभर त्या झाडाकडे फिरकायचे नाहीत.
बघायचं नाही का, मी विचारायची.
म्हणायचे, बघून बघून कलम हलतं.

आता वॉर्साहून लाल शाईत शेरा आलाय :
"भेट" ह्या शब्दाची व्याख्या द्या.
किमान मिनिटं किती. समोरासमोर की कसं.
शांतता धरायची का, हे कुणी विचारलेलं नाही,
म्हणजे कुणाला तरी ते सुचलं असणार.

साडेतीन वाजलेत, खिडकीत अंधार उतरतोय.
बाहेरच्या बाकावर दोब्रावा
हीटरला बूट टेकवून वाळवत बसली आहे.
हातात मेलेल्या भाषेचा शब्दकोश, तोंडात पेन्सिल.
शेजारी डॉक्टर. त्यांचेही बूट.
दोघं कुणाची वाट बघताहेत, कळत नाही.

मी टाइप करते : भेट म्हणजे
आणि हात थांबतो.

त्याआधी पोझनानचं गुणपत्रक मार्गी लावू.
तिथल्या मोजपट्टीत "चांगलं"च्या पुढे
अर्धा गुण जास्तीचा असतो.
आमच्याकडे तो अर्धा कुठे ठेवायचा,
ह्याला कलम नाही, पोटकलम नाही.
मी तो समासात लिहून ठेवते, पेन्सिलने,
शिक्क्याची शाई पोचणार नाही
इतक्या कडेला.